'फॉरमॅट मारावा लागेल'

पहिली पाळी सुटली की नागापूर एमआयडीसीतल्या माझ्या दुकानात फोन यायला लागतात. कुणाचा डिस्प्ले फुटलेला, कुणाचा चार्जिंगचा जॅक सैल झालेला, कुणाचा फोन मशीनच्या कूलंटमध्ये पडून बंद झालेला. पंधरा वर्षं हेच काम करतोय. या धंद्यातलं एक वाक्य मला शिवीसारखं ऐकू येतं: 'फॉरमॅट मारावा लागेल.' हे वाक्य बोलणाऱ्याला त्याची काही किंमत मोजावी लागत नाही. ज्याचा फोन आहे, त्याचं मात्र सगळं जातं.

गेल्या पावसाळ्यात एक कामगार आला. ठेकेदाराकडे हेल्पर. फोन काउंटरवर ठेवून म्हणाला, "भाऊ, यातून जुनं काही निघतंय का बघा ना." फुटलेला डिस्प्ले बदलायला त्याने फोन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला होता. डिस्प्ले नवा बसवून मिळाला, पण फोन आतून कोरा. चौदा महिने तो दर महिनाअखेरीला आपल्या हजेरी कार्डाचा फोटो काढून ठेवत होता, कारण महिना संपला की कार्ड ठेकेदार परत घेतो. पीएफ कमी दिवसांचा भरला जातोय हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्याच्याकडे दुसरा कसलाही पुरावा नव्हता. सेंटरवाल्याने फोन घेताना एका फॉर्मवर सही घेतली होती. डेटाची जबाबदारी आमची नाही, असं त्यात बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं. त्या माणसाला इंग्रजी वाचता येत नाही.

डिस्प्ले बदलण्याचा आणि आतल्या साठवणीचा काडीचा संबंध नाही. चार स्क्रू, दोन स्ट्रिप, डिंक, झालं. तरीही फोन पुसला जातो, कारण पुसलेला फोन तपासायला सोपा असतो, लॉक विचारावा लागत नाही आणि कुणी जाब विचारत नाही. हा निव्वळ आळस आहे आणि त्याला नियमाचं नाव दिलं आहे.

मी त्याच्या फोनवर दोन तास घालवले. काही निघणार नाही हे मला आधीच माहीत होतं. अँड्रॉइड 10 पासून बाजारात आलेल्या फोनमध्ये सगळी साठवण कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये असते. फॅक्टरी रिसेट झाला की किल्ली जाते. मग साठवणीच्या चिपवर बाइट उरले तरी ते वाचणार कोण? मदरबोर्ड जळाला तरी तीच गत. गिऱ्हाईक म्हणतं, चिप काढून दुसऱ्या फोनला लावा. लावून उपयोग नाही, हे दहा वेळा समजावून सांगावं लागतं.

चोराच्या हाती फोन पडला तर आतलं काही मिळू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. कुलूप हवंच. माझं भांडण किल्लीवरून आहे. घर माझं, सामान माझं, कुलूप माझ्या पैशाचं. मग किल्लीची दुसरी प्रत मला का नाही?

सगळ्यात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. या फोनच्या पोटात लिनक्स आहे. 2008 साली पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हापासून त्याचा गाभा लिनक्सचाच. लिनक्सच्या घराण्यात बॅकअप ही काही नवलाई नाही. 'टार' ही आज्ञा युनिक्सवर 1979 पासून आहे, सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधण्यासाठी. 'आरसिंक' 1996 सालची, फक्त बदललेलं तेवढंच उचलून दुसरीकडे नेणारी. लिनक्सच्या कॉम्प्युटरवर मी एका ओळीत माझं पूर्ण घर डिस्कवर उतरवतो आणि नव्या मशीनवर जसंच्या तसं मांडतो. अँड्रॉइडमध्येही 'टार' आहे, पण अ‍ॅपचा डेटा ज्या फोल्डरमध्ये असतो तिथे फोनच्या मालकालाच जायला बंदी. केबल लावून कॉम्प्युटरवर बॅकअप घ्यायची एक सोय होती, तीही अँड्रॉइड 12 पासून जवळपास मोडीत काढली. गूगलचा आपोआप होणारा बॅकअप एका अ‍ॅपमागे 25 एमबीपर्यंत, आणि अ‍ॅप बनवणाऱ्याने नको म्हटलं तर तेवढाही नाही. नको म्हणायचा हक्क अ‍ॅपवाल्याला दिला, हवा म्हणायचा हक्क फोनवाल्याला दिला नाही.

स्वस्त फोनवाल्यांचे हाल तर विचारू नका. लिनक्सवर चालणारे वेगवेगळे फोन आपल्याच गरिबांच्या हातात देऊन पाहिले गेले. 2014 मध्ये फायरफॉक्स ओएसचा इंटेक्स क्लाउड एफएक्स, 1,999 रुपयांना. 2015 मध्ये टायझेनचा सॅमसंग झेड 1, 5,700 ला. 2016 मध्ये सेलफिशचा इंटेक्स अ‍ॅक्वा फिश, 5,499 ला. मग फायरफॉक्स ओएसच्याच वंशातल्या कायओएसवर जिओफोन, 1,500 रुपयांच्या अनामतीवर. फायरफॉक्स ओएसच्या फोनचं काम मोझिलाने 2015 च्या अखेरीस थांबवलं. टायझेनचं अ‍ॅप दुकान बंद झालं. कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप 2018 मध्ये आलं आणि 2024 च्या जूनमध्ये नव्याने घेणं बंद झालं. प्रत्येक वेळी लोकांनी त्या फोनमध्ये आपले नंबर, फोटो, बोलणं भरलं होतं. दुकान बंद करणाऱ्यांनी जाताना तुमचं सामान घेऊन जा म्हणून मागचं दार तरी उघडं ठेवायला हवं होतं. कायओएसवरचं व्हॉट्सअ‍ॅपमधलं बोलणं अँड्रॉइडवर नेताच येत नव्हतं. नंबर तेवढे निघायचे. तेही सिमवर घ्यायला गेलं की साधारण अडीचशेवर जागा संपते आणि देवनागरीत लिहिलेली नावं मधेच तुटतात. बोल्हेगावच्या एका आजींच्या जुन्या फोनमधले नंबर मी असे काढले, तर 'पोरगी पुणे' आणि 'पोरगी नाशिक' दोन्ही नुसत्या 'पोरगी' झाल्या. दोन्ही नंबर लावून, कोण बोलतंय विचारून, पुन्हा नावं घातली.

आता कुणी म्हणेल, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगलवर जातो की. जातो, पण 2024 पासून तो 15 जीबीच्या फुकट जागेतच मोजला जातो. त्यातच जीमेल, त्यातच फोटो. जागा भरली की बॅकअप थांबतो. 'स्टोरेज फुल' ही सूचना माणूस रोज बोटाने बाजूला सारतो. शिवाय तो बॅकअप उघडायला तोच मोबाइल नंबर लागतो. इथे बीड-परभणीपासून बिहारपर्यंतची पोरं कामाला येतात, ठेकेदार बदलतो तशी सिमं बदलतात. रिचार्ज राहिला, नंबर बंद झाला, की निदान 90 दिवस थांबून तो दुसऱ्या कुणाला देता येतो. नंबर गेला की गूगलवरचं गाठोडं तिथेच पडून राहतं.

म्हणून मला कंपन्यांकडून तीन गोष्टी हव्यात आणि त्या मी विनंती म्हणून मागत नाही. मालकाने पासवर्ड टाकला की फोनमधलं सगळं मेमरी कार्डावर किंवा पेनड्राईव्हवर उतरलं पाहिजे. बँकेची अ‍ॅप वगळा, माझी हरकत नाही. ते गाठोडं दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या फोनवर उघडलं पाहिजे. आणि दुरुस्तीला आलेला फोन पुसायचा असेल तर आधी मालकाला त्याच्या भाषेत विचारून, बॅकअप देऊनच पुसला पाहिजे. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. सुटे भाग मिळावेत, कुठेही दुरुस्त करता यावं, हे बरोबरच आहे. पण ज्या दुरुस्तीत फोन वाचतो आणि आतला माणूस मरतो तिला मी दुरुस्ती म्हणत नाही.

माझ्या दुकानात नियम आहे. फोन चालू असेल तर हात लावण्याआधी ओटीजीने फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर पेनड्राईव्हवर. मग तो पेनड्राईव्ह दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवायचा. उघडून बघितलेला नाही तो बॅकअप मी मोजत नाही. याला अर्धा तास जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं, शेजारचे दुकानदार मला खुळा म्हणतात.

तो कामगार आता महिनाअखेरीला येतो. हजेरी कार्डाचा फोटो पेनड्राईव्हवर टाकतो, पेनड्राईव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावून फोटो मोठा करतो, तारखांवरून बोट फिरवत सगळ्या सह्या दिसतायत ना ते बघतो, मगच जातो. आधीच्या चौदा महिन्यांचं काय, हे त्याने मला परत विचारलेलं नाही.