‘बेकायदा’ शब्दाचा पाया

विशेष प्रतिनिधी, ठाणे

वर्तकनगरात घर शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘बिल्डिंग लीगल आहे ना?’ उत्तर ‘हो’ आले की निम्मी चिंता मिटते. ‘इल्लीगल’ म्हटले की व्यवहार मोडतो, नाहीतर भाव पडतो. मात्र या एका इंग्रजी शब्दात परवानगी, कायदा आणि सुरक्षितता असे तीन वेगळे प्रश्न एकत्र कोंबले गेले आहेत. त्यांची सरमिसळ घर घेणाऱ्याला महागात पडते.

‘इल्लीगल’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘लेक्स’ म्हणजे कायदा. त्यावरून ‘लीगल’ झाला आणि त्याला नकारार्थी उपसर्ग जोडून ‘इल्लीगल’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात रुळला. निष्ठावान या अर्थाचा ‘लॉयल’ही फ्रेंचमार्गे याच मुळातून आला. ‘लॉ’ हा शब्द मात्र या कुळातला नाही. तो स्कँडिनेव्हियन भाषेतून आला असून, ‘घालून दिलेले’ असा त्याचा मूळ अर्थ आहे.

मराठीतील ‘बेकायदा’ याहून बोलका आहे. ‘कायदा’ हा शब्द अरबी. ‘बसणे’ या अर्थाच्या धातूपासून तो बनला असून, इमारतीचा पाया हा त्याचा एक मूळ अर्थ आहे. ‘बे’ हा फारसी उपसर्ग. म्हणजे ‘बेकायदा’ याचा शब्दशः अर्थ पाया नसलेले. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळ येथील लकी कम्पाउंडमधील बहुमजली इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला, तेव्हा हा अर्थ अक्षरशः खरा ठरला. परवानगीविना, अल्पावधीत उभ्या राहिलेल्या त्या इमारतीच्या प्रकरणात बिल्डरांबरोबर महापालिका व पोलीस दलातील काही जणांनाही अटक झाली होती.

अनधिकृत आणि असुरक्षित

सरकारी कागदोपत्री वापरला जाणारा शब्द आहे ‘अनधिकृत’. त्याचा रोख परवानगीवर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ नुसार अशा बांधकामाला नोटीस देता येते. पण ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. २०१७ मध्ये कलम ५२-अ आणून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याचा मार्ग खुला करण्यात आला. म्हणजेच कालचे ‘इल्लीगल’ आज ‘लीगल’ होऊ शकते. जानेवारी २०२२ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने आमदार प्रताप सरनाईक यांच्या विहंग समूहाच्या वर्तकनगर परिसरातील ‘विहंग गार्डन’ संकुलाला महापालिकेने आकारलेला दंड व त्यावरील व्याज माफ करण्याचा निर्णय घेतला. त्यावर टीकाही झाली. शब्दाची धार सर्वांना सारखी लागत नाही, हे यातून दिसले.

उलटपक्षी, परवानगी आहे म्हणून इमारत सुरक्षित असते असेही नाही. ४ ऑगस्ट २०१५ रोजी नौपाड्यातील ‘कृष्णा निवास’ कोसळून १२ जण दगावले. ती रातोरात उभारलेली इमारत नव्हती. ती सुमारे ५० वर्षे जुनी होती. वर्तकनगरातील म्हाडाची वसाहत सरकारी यंत्रणेनेच वसवलेली. तरीही तिच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण महापालिका अधिनियमाने बंधनकारक केले आहे, ते याच कारणाने.

कागदच खोटा असेल तर?

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तेथील अनेक रहिवाशांनी नोंदणी क्रमांक पाहूनच घर घेतले होते आणि बँकांनी त्यावर कर्जही दिले होते. ‘लीगल आहे ना?’ हा प्रश्न त्यांनीही विचारलाच होता आणि उत्तर ‘हो’ असेच मिळाले होते.

त्यामुळे ग्राहकाने एका शब्दावर विसंबू नये. वीजमीटर किंवा मालमत्ता कराची पावती हा अधिकृततेचा पुरावा नव्हे. अनधिकृत इमारतींवरही कर आकारला जातो, वर शास्तीही लावली जाते आणि तेवढ्याने बांधकाम नियमित होत नाही. जमीन कोणाची, बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या दप्तरी खरोखर नोंदलेले आहे काय आणि इमारत भक्कम आहे काय, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारायला हवेत. बिल्डरने दाखवलेली प्रत पुरेशी नाही. पडताळणी नगररचना विभागातच करावी लागते.

महापालिकांनीही परवानग्यांचा तपशील सामान्य माणसाला सहज तपासता येईल असा खुला ठेवला पाहिजे. नाहीतर शब्दाची शिक्षा बांधणाऱ्याला होण्याऐवजी राहणाऱ्यालाच भोगावी लागेल.