मुंबई बांधणाऱ्यांची बखर कोण लिहिणार?

गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरून घेण्याचे काम सुरू झाले तेव्हा कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंका खाली उतरल्या. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे कामगाराने सिद्ध करावयाचे होते. गिरणीचा पास, तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, विमा योजनेचे कार्ड, यांपैकी काहीतरी हवे होते. कुणाच्या कागदांना वाळवी लागलेली, कुणाचे पावसात लगदा झालेले. कुणाच्या विधवेला नवऱ्याची गिरणी ठाऊक होती, खाते ठाऊक होते. परंतु तिकीट नंबर ठाऊक नव्हता. दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. प्रत्यक्ष घर मिळालेल्यांची संख्या त्या मानाने अल्पच आहे.

शहराचा इतिहास जतन करावा, असे म्हटले की आपल्याकडे अनेकांना तो निवांत माणसांचा छंद वाटतो. ज्याच्या घरात कपाटे आहेत त्याने जुने कागद सांभाळावेत. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने पोटाचे पाहावे, असा त्यामागचा समज असतो. वरील अनुभव या समजाला पुरेसे उत्तर देतो. ज्याची नोंद नाही त्याचा हक्क नाही, असा या व्यवस्थेचा नियम आहे. म्हणूनच स्थलांतरित श्रमिकांच्या इतिहासाचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न आहे आणि तो समाजवादी चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर असला पाहिजे.

कोणाचा वारसा सुरक्षित आहे?

मुंबईत वारसा जतनाचा विचारच झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसाविषयक नियम झाले. या प्रकारचे नियम करणारे हे देशातील पहिले शहर. २०१८ मध्ये फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. या इमारती जपल्या गेल्या याचा आनंदच आहे. तथापि त्यांच्याविषयी बोलताना वास्तुशिल्पज्ञाचे नाव सांगितले जाते, देणगीदाराचे सांगितले जाते, गव्हर्नराचे तर कोनशिलेवरच असते. दगड कोणी घडवला आणि चुना कोणी वाहिला, हे कोठेच सांगितले जात नाही.

या बांधकामांवर राबणाऱ्यांत तेलुगू भाषिक मजुरांचा मोठा भाग होता. मुंबईने त्यांना कामाठी म्हटले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते ज्या भागात वसत गेले तो कामाठीपुरा. आज त्या नावाचा उच्चार होताच ऐकणाऱ्याच्या मनात एकच अर्थ उमटतो. एका श्रमिक समाजाचे नाव वस्तीला चिकटून राहिले आणि त्याचा इतिहास मात्र पुसला गेला, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीला मुंबईत जे पाठबळ लाभले त्यात जाया कराडी लिंगू आणि व्यंकू बाळाजी काळेवार यांच्यासारख्या तेलुगू कंत्राटदारांचा वाटा ठळक होता. नारायण मेघाजी लोखंड्यांचे ‘दीनबंधु’ पत्र मुंबईत चालले ते अशाच माणसांच्या आधाराने. याच लोखंड्यांच्या नेतृत्वाखालील लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा अभिमान बाळगणाऱ्या किती जणांना त्यातील हा ‘परप्रांतीय’ धागा ठाऊक आहे?

सगळेच बाहेरून आलेले

१८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि त्यानंतरच्या अर्धशतकात गिरणगाव उभे राहिले. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांत ऐंशीहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. त्यांत सर्वांत मोठा लोंढा रत्नागिरी जिल्ह्याचा. खोतीच्या जाचाने आणि तुटपुंज्या शेतीने हाकललेला हा माणूस परळ-लालबागच्या गावकीच्या खोलीत येऊन टेकला. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, पाळीपाळीने झोपणारी. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी गिरणगाव जगवले. तरीही कामगार म्हणून त्यांची नोंद कोठल्याही पटावर नव्हती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा कोठे या बायकांच्या श्रमाला नाव मिळाले.

उत्तरेकडून विणकर अन्सारी आले, ते मदनपुऱ्यात वसले. तेलंगणातील पद्मशाली मागावर बसले. सौराष्ट्रातील कुंभारांनी धारावीत कुंभारवाडा उभारला, तर तमिळनाडूतून आलेल्यांनी तेथल्या चामड्याच्या धंद्याला हात दिले. गोव्याच्या गावागावांनी धोबीतलाव, गिरगाव, माझगावात आपापले ‘कूड’ थाटले. बोटीवर जाणारा खलाशी, आचारी आणि वाजंत्री यांना थोडक्या भाड्यात पाठ टेकण्याची जागा मिळावी, भिंतीशी गावच्या संताची वेदी असावी, अशी ही व्यवस्था. रत्नागिरीकराची गावकीची खोली आणि गोवेकराचा कूड ही एकाच गरजेची दोन रूपे आहेत. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ मध्ये झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. गोव्याचे लोकनाट्य मुंबईच्या स्थलांतरितांनी जन्माला घातले.

कोकणातून आलेले बेने इस्राएल हे तर मराठी भाषकच. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारचा विसावा यांमुळे गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मधले. बायबलमधील कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचली. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले आणि तेथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवीत राहिले. त्यांचा मुंबईतील इतिहास हा मराठीचाच इतिहास आहे. तो नाहीसा झाला तर मराठीचेच दालन रिकामे होईल.

काचेच्या कपाटांचा धोका

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. समाजासमाजांचा इतिहास जतन करायचा म्हणजे प्रत्येक जातीला आणि धर्माला एकेक काचेचे कपाट द्यायचे, त्यात पागोटे, भांडी आणि दागिने मांडायचे, असे झाले तर त्यातून जातिसंस्थेचेच प्रदर्शन घडेल. श्रीमंत समाजांचे दालन मोठे आणि झोपडपट्टीतल्यांचे नाहीच, असाही त्याचा शेवट होऊ शकतो. मुंबईचा खरा इतिहास या समाजांच्या एकत्र येण्यात आहे, तसाच त्यांच्या आपसातील संघर्षातही आहे. त्यापैकी दुसरी बाजू सांगताना आपली जीभ अडखळते.

गिरण्यांत दलित कामगाराला रिंगखात्यात प्रवेश होता; साचेखात्यात, जेथे मजुरी अधिक होती तेथे, नव्हता. कारण काय, तर नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला, तेव्हा त्यांच्यापुढे मान तुकवावी लागली. वर्गएकजुटीच्या गोष्टी करणाऱ्यांनी हे पान फाडून टाकता कामा नये. त्याचप्रमाणे १८९३ ची दंगल, १९६६ नंतर दाक्षिणात्यांविरुद्ध पेटवलेला द्वेष, १९७० मध्ये झालेली आमदार कृष्णा देसाई यांची हत्या आणि १९९२-९३ चा रक्तपात हीसुद्धा या शहराच्या वस्त्यांची चरित्रे आहेत. ती वगळून लिहिलेला इतिहास गोड लागेल, परंतु त्यातून कोणी शहाणे होणार नाही.

पुसून टाकण्याची यंत्रणा

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी ठरवला. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता मर्यादित केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. चिमण्यांच्या जागी मनोरे आले. यंत्रे भंगारात गेली, आणि त्यांच्यासोबत हजेरीपटही गेले असतील तर नवल नाही.

आता पाळी चाळींची आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या २०७ इमारती. त्यांतील गिरणी कामगार, दलित कार्यकर्ते, पोलीस शिपाई यांनी शतकभर तेथे संसार केले आणि चळवळीही केल्या. रहिवाशांना नवे, ऐसपैस घर मिळावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. सार्वजनिक संडासापुढच्या रांगेचे स्मरणरंजन फक्त तेथे कधी उभे न राहिलेल्यालाच सुचते. प्रश्न एवढाच आहे की इमारत पाडण्यापूर्वी तिच्यातल्या माणसांची हकीकत लिहून घ्यायला कोणी बांधील आहे काय? विकासकाकडून वाहनतळाचा आराखडा सक्तीने घेतला जातो. वस्तीच्या स्मृतीचा आराखडा मात्र कोणी मागत नाही.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्याचे स्वागत करताना विचारले पाहिजे की तेथे साचा दिसेल, पण साचेवाला दिसेल काय? वर्षानुवर्षे दारात उभा राहणारा बदली कामगार दिसेल काय? १९२० च्या दशकात गिरण्यांतील सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्या कशा बाहेर घालवल्या गेल्या, हे सांगितले जाईल काय?

करण्यासारखे पुष्कळ आहे

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये ऑर्चर्ड स्ट्रीटवरची १८६३ मधली एक भाड्याची चाळवजा इमारत १९८८ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे; तेथे राहून गेलेल्या सुमारे सात हजार स्थलांतरितांपैकी काही कुटुंबांचे संसार खोलीखोलीतून सांगितले जातात. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही सर्व वर्णांच्या श्रमिकांची वस्ती वर्णद्वेषी सरकारने १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी जाहीर करून उठवली. तेथून घालवलेल्यांनी १९९४ मध्ये आपले संग्रहालय उघडले, जमिनीवर वस्तीचा नकाशा पसरला आणि त्यावर आपापली घरे स्वतःच्या हाताने नोंदवली. जमिनीच्या परतीची मागणी आणि आठवणींचे जतन ही तेथे एकाच लढ्याची दोन अंगे होती.

आपल्याकडेही मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये शंभर आवाजांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील अनेक आवाज आता कायमचे थांबले आहेत. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. उशीर करण्यास आता सवड नाही.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मोठ्या पुनर्विकासाच्या परवानगीला त्या वस्तीचे छायाचित्रण, नकाशे आणि रहिवाशांच्या मुलाखती यांची अट जोडावी आणि त्याचा खर्च विकासकाकडून घ्यावा. बंद गिरण्यांचे उरलेसुरले दप्तर सरकारने ताब्यात घेऊन ते सार्वजनिक करावे. महापालिकेने प्रत्येक विभागात स्थानिक दप्तरखाना उघडावा आणि त्यात तेलुगू, उर्दू, कोकणी, गुजराती, तमिळ कागदांना मराठीइतकेच स्थान असावे. संग्रहालयांच्या नियामक मंडळांवर कामगारांचे आणि वस्त्यांचे प्रतिनिधी असावेत.

परंतु सरकारकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या घरातला केर काढावा लागेल. युनियनच्या कचेऱ्यांतून इतिवृत्तांची बाडे, संपाची पत्रके, वर्गणीच्या पावत्या धूळ खात पडल्या आहेत. कितीतरी कार्यकर्त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे कागद रद्दीत गेले. मंगळुराहून आलेले प्लासिड डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी झाले. मंगळुराहूनच आलेले जॉर्ज फर्नांडिस फुटपाथवर रात्री काढून महापालिका आणि बस कामगारांचे पुढारी झाले, आणि १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पराभूत केले. ज्या चळवळीने असे इतिहास घडवले तिच्याच कपाटाला कुलूप आणि कुलपाला गंज, ही स्थिती लाजिरवाणी आहे. प्रत्येक युनियनने, प्रत्येक वस्तीतील ग्रंथालयाने या वर्षी निदान दहा वृद्ध कामगारांच्या हकीकती लिहून घ्याव्यात. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटी, या कामाचा आजच्या राजकारणाशी थेट संबंध आहे. ‘मूळचा कोण आणि उपरा कोण’ हा वाद अज्ञानावर पोसला जातो. आपले आजोबा कोणत्या बोटीने, कोणत्या दुष्काळात, कोणाच्या ओळखीने या शहरात उतरले हे ज्याला ठाऊक आहे, तो शेजाऱ्याच्या ट्रंकेकडे संशयाने पाहणार नाही. हुतात्मा चौकात ज्यांच्या स्मृतीला आपण अभिवादन करतो त्या संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत करपैया किरमल देवेंद्र आहेत, सय्यद कासम आहेत, मुनीमजी बलदेव पांडे आहेत. मुंबईसह महाराष्ट्रासाठी गोळी झेलणाऱ्यांना त्या दिवशी कोणी जन्मगाव विचारले नव्हते. ती यादी पुन्हा एकदा मोठ्याने वाचण्याची वेळ आली आहे, आणि तिच्याखाली, ज्यांची नावे कोणत्याच पटावर चढली नाहीत त्यांची नावे लिहिण्याची.