दंडीय सर्पिल म्हणजे काय रे भाऊ?

आपल्या मोहगावच्या मुलांची घरची भाषा मराठी आणि वहीतली भाषा हिंदी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला सौंसरचा भाग मध्य प्रदेशात राहिला. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे, त्यामुळे हिंदीविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पाठांतराची.

आपली आकाशगंगा कोणत्या प्रकारची, असे विचारले की हुशार मुले चटकन सांगतात, "दंडीय सर्पिल." पुढे विचारावे, दंडीय म्हणजे काय? मग वर्ग गप्प. गुण मिळाले, पण समजले काय?

खरे तर ही गोष्ट घरच्या बोलीत सहज सांगता येते. आपली आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांची एक पातळ चकती. रुंदी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे, जाडी साधारण एक हजार. म्हणजे भाकरी नव्हे, पापडच! या चकतीच्या मधोमध ताऱ्यांचा एक लांबट दांडा आहे. तो लाकडासारखा घट्ट नाही. लांबट वाटांनी फिरणाऱ्या असंख्य ताऱ्यांमुळे तसा आकार दिसतो. हा दांडा वायूला केंद्राकडे ओढतो. बाहेरच्या नागमोडी भुजा म्हणजे रेल्वे फाटकाजवळची गर्दी समजा. गाड्या येतात, निघून जातात, गर्दी मात्र तिथेच दिसते. आपला सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर असून एका फेरीला त्याला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात.

आपण याच चकतीच्या आत राहतो, म्हणून दांडा बाहेरून पाहता येत नाही. मध्ये धुळीचा पडदाही आहे. अवरक्त किरण मात्र धुळीतून पार होतात. २००५ साली स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून हा दांडा सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे लांब असल्याचे अनुमान काढण्यात आले.

आता पुण्याची बातमी. तेथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक सर्पिल दीर्घिका शोधली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही बातमी जगभर गेली. तिची चकती सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे रुंद, दोन भुजा अगदी रेखीव. विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे असतानाचे हे रूप आहे. एवढ्या लहान वयात विश्वात अशी नीटनेटकी चकती तयार झाली असेल, असे शास्त्रज्ञांना वाटत नव्हते. चकती स्थिरावायला वेळ लागतो, असा आतापर्यंतचा समज. तो आता तपासून पाहावा लागेल.

या दीर्घिकेचे नाव ठेवले अलकनंदा. का? तर हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात मंदाकिनी व अलकनंदा या बहिणी-बहिणी नद्या. शोधनिबंध इंग्रजीत, नाव मात्र आपल्या मातीतले. मोठे विज्ञान करणाऱ्यांना आपल्या शब्दांची लाज वाटली नाही, मग आपल्या मुलांनी वर्गात का लाजावे?

काही पालक म्हणतात, मराठीत समजावून काय फायदा, पेपर तर हिंदीत, पुढे सर्व इंग्रजीत. म्हणणे खोटे नाही. हिंदी चांगली यावी, इंग्रजीही यावी. पण पाया समजण्याचा हवा. जो मुलगा दांडा, चकती, भुजा घरच्या शब्दांत सांगू शकतो, तो उद्या कोणत्याही भाषेत लिहील. ज्याने नुसते घोकले, तो भाषा बदलताच अडतो. म्हणून आमचे मत असे, की शिक्षकांनी प्रत्येक धड्यात निदान एक प्रश्न मुलाच्या बोलीत विचारावा आणि उत्तरही बोलीत ऐकून घ्यावे. हिंदीत गॅलेक्सी किंवा मंदाकिनी, मराठीत दीर्घिका. फळ्यावर दोन्ही शब्द लिहावेत.

पालकांनाही एक विनंती. वैशाखातल्या अमावास्येला, आकाश निरभ्र असेल तर, मध्यरात्रीनंतर अंगणातले दिवे मालवा आणि लेकरांना दक्षिणेकडे दाखवा. वृश्चिकाची नांगी आणि धनू यांच्यामध्ये जो पांढुरका पट्टा दाट होतो, तिकडेच आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. शहरातल्या मुलांना हे दृश्य आता दुर्मिळ झाले आहे. आपल्याकडे ते अजून फुकट आहे. पाहताना मुलाला एवढेच विचारा, "सांग बरं, हे काय आहे?" आणि तो ज्या भाषेत सांगेल, त्या भाषेत ऐका.