आकड्यांत लिहिलेला पत्ता

कलघटगीतील दूरध्वनी-क्रमांकापुढे ०८३७० हे अंक लिहिण्याचा प्रघात आहे. ते कोणी मनास येईल तसे मांडलेले नाहीत. पाकिटावर आपण घर, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता लिहितो. हाही तसाच एक पत्ता होय. फरक एवढाच, की तो मोठ्याकडून लहानाकडे वाचावयाचा असतो.

आरंभीचे शून्य म्हणजे गावाची वेस. आपणांस वेशीबाहेर बोलावयाचे आहे, एवढेच ते यंत्रास सांगते. दोन शून्ये ही देशाची वेस. त्यापुढील ८३ हे जणू कुळाचे नाव समजावे. बेळगाव ८३१, गोवा ८३२, हुबळी-धारवाड ८३६, कलघटगी ८३७०, कारवार ८३८२. गोवा हे निराळे राज्य खरे. तथापि आकड्यांच्या हिशेबात ते आपल्याच भावकीत नांदते. कोल्हापूर २३१ आणि मुंबई २२ ही मात्र दुसऱ्या कुळातील.

आता एक मौज पाहा. मुंबईचे संकेतांक दोन, घरचे अंक आठ. हुबळीचे संकेतांक तीन, घरचे अंक सात. कलघटगीचे चार आणि सहा. बेरीज सर्वत्र दहाच! जेथे घरे फार, तेथे घरच्या क्रमांकास जागा अधिक हवी, म्हणून शहराचा संकेतांक आखूड ठेवला. सहा अंकी क्रमांकाचा पहिला अंक ठरून गेला, तरी उरलेल्या पाच अंकांतून एक लाख निरनिराळे क्रमांक होतात. एका तालुक्यास ते पुरेसे आहेत.

हे आकडे यंत्रास कसे कळत? जुन्या तबकडीवर १ फिरविला की तारेतील विजेचा प्रवाह एकदा खंडित होई. ५ ला पाचदा, शून्याला दहादा. तेवढ्या पायऱ्या केंद्रातील यंत्र चढे. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थास या युक्तीचे पेटंट १८९१ साली मिळाले. आपल्या देशात दूरच्या गावी थेट क्रमांक फिरविण्याची सोय प्रथम २६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान झाली. तोवर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. खेड्यांसाठी आपल्याच देशात घडविलेले १२८ जोडण्यांचे स्वयंचलित केंद्र १९८६ साली सुरू झाले, ते धारवाड-बेळगाव मार्गावरील कित्तूर येथे, ही आपणांस विशेष अभिमानाची गोष्ट.

मोबाइलचा क्रमांकही दहा अंकी. तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणून मोबाइलवरून घरच्या दूरध्वनीस बोलावताना आरंभीचे शून्य गाळू नये. गाळल्यास ८३७० ने सुरू होणारे ते दहा अंक यंत्र एखाद्या मोबाइलचे समजेल. उलट, घरच्या दूरध्वनीवरून मोबाइलला फोन लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावे लागते. आखातात नोकरीस असलेल्या मुलाने मात्र घरी फोन करताना ते शून्य सोडून द्यावे आणि अधिक चिन्ह, ९१, मग ८३७० असे लिहावे. पुष्कळ घरांतील वहीत परदेशी मुलासाठी ९१ च्या पुढे शून्यासह क्रमांक उतरवून ठेवलेला असतो आणि आजारपणाच्या रात्री तो लागत नाही.

तेव्हा वाचकहो, आजच ती वही काढून क्रमांक तपासावेत. पोलीस, अग्निशामक व रुग्णवाहिका यांसाठीचा ११२ हा क्रमांक दिनदर्शिकेजवळ ठळक लिहून ठेवावा. तसेच, घरातील एका मोबाइलचे दहा अंक लहान मुलांकडून पाठ करून घ्यावेत. पूर्वी शेजाऱ्यांचेही क्रमांक तोंडपाठ असत. आता सारे यंत्राच्या स्मरणात असते. हुबळीच्या बसस्थानकावर मूल चुकले, तर ते यंत्र त्याच्या हाती नसेल. पाठ केलेले दहा अंकच तेवढे त्याच्याजवळ असतील.