लपविण्याजोगे त्यात काय आहे?

परदेशी वास्तव्य करणाऱ्या जोडीदाराकडे जाण्यासाठी व्हिसा मागणे ही गोष्ट गोमंतकातील घरांना आता नवी राहिलेली नाही. लंडन, लिस्बन, टोराँटो ही नावे आमच्या वाड्यावाड्यांतून मडगाव-म्हापशाइतक्या सहजतेने उच्चारली जातात. लग्न होते, जेवणावळी आटोपतात, सुटी संपली की नवरा किंवा नवरी परत निघून जाते आणि मागे राहिलेला जोडीदार कागदपत्रे जमविण्याच्या मागे लागतो. प्रथमच लग्न करणाऱ्यांना हे काम त्रासाचे असले तरी भीतीचे नसते. परंतु ज्यांचे आधीचे लग्न मोडलेले असते, किंवा ज्यांचा पहिला जोडीदार मरण पावलेला असतो, त्यांच्या जिवाला मात्र घोर लागतो. ‘यापूर्वी आपला विवाह झाला होता काय?’ हा अर्जातील साधा प्रश्न त्यांना अंगावर आल्यासारखा वाटतो. खरे लिहावे तर व्हिसा नाकारतील ही भीती, आणि न लिहावे तर कधीतरी उघडकीस येईल ही टोचणी. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी आणि पैसे घेऊन अर्ज भरून देणारे दलाल बहुधा एकच सल्ला देतात : लिहू नका. हा सल्ला चुकीचा आहे, घातक आहे आणि त्याच्या मुळाशी जी लाज आहे ती तर सर्वस्वी अनाठायी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात हा प्रश्न विचारला का जातो, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांपैकी कोणत्याही देशाचा कायदा घटस्फोटितांना किंवा विधवा-विधुरांना पुन्हा लग्न करण्यास मनाई करीत नाही. तेथील अधिकाऱ्याला एवढेच पाहावयाचे असते की, दुसरे लग्न लागले त्या दिवशी पहिले लग्न कायद्याने संपलेले होते की नाही. अमेरिकेत जोडीदारासाठी भरावयाच्या ‘आय-१३०’ या अर्जात पती आणि पत्नी या दोघांच्याही पूर्वीच्या सर्व विवाहांची माहिती मागितलेली असते, आणि प्रत्येक विवाह कसा संपला याचा पुरावा जोडावा लागतो. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या निवाड्याची प्रमाणित प्रत, लग्न रद्दबातल ठरले असेल तर तसा निवाडा, जोडीदार मृत्यू पावला असेल तर मृत्यूचा दाखला. लग्न का मोडले, दोष कोणाचा, सासू कशी होती, या गोष्टींत त्या अधिकाऱ्याला रस नसतो. रस असतो तो आपल्याकडच्या शेजाऱ्यांना. आपण शेजाऱ्यांच्या धाकाने दूतावासाला उत्तर देऊ लागतो, हीच या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात होय.

दुसरी शंका अधिकाऱ्याच्या मनात येते ती लग्नाच्या खरेपणाविषयी. घटस्फोट मिळून महिना-दोन महिनेच झाले आणि लगेच परदेशस्थ व्यक्तीशी लग्न झाले, तर हे लग्न संसारासाठी की केवळ व्हिसासाठी, असे तो विचारणारच. या शंकेला उत्तर आहे. पहिले लग्न केव्हा मोडले, दोघे वेगळे केव्हापासून राहू लागले, नवी ओळख कोणी व कशी करून दिली, घरच्यांची भेट केव्हा झाली, हे तारखांनिशी सरळ सांगावे आणि पत्रव्यवहार, छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे जोडावीत. आठ वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्यानंतर निवाडा हाती आला आणि दोन महिन्यांत लग्न झाले, यात संशयास्पद काहीच नाही. मात्र ती आठ वर्षे कागदावर दिसली पाहिजेत.

आता लपविल्यास काय होते ते पाहू. महत्त्वाची गोष्ट दडवून किंवा खोटी सांगून व्हिसा मागणाऱ्यास अमेरिकेचा कायदा विशेष सूट मिळाल्याखेरीज कायमचा अपात्र ठरवितो. कॅनडा अशा अर्जदाराला पाच वर्षे दार बंद करतो. आणि लपवाछपवी उघडकीस येण्याचे मार्गही थोडेथोडके नाहीत. जुन्या पारपत्रावर पहिल्या जोडीदाराचे नाव असते. पूर्वी कधी पर्यटनासाठी व्हिसा मागितला असेल तर त्या अर्जात ते असते. बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या कंपनीच्या कागदांत वारस म्हणून ते असते. जे लग्न सांगितले असते तर एका प्रमाणित प्रतीने भागले असते, तेच दडविल्यामुळे दुसऱ्या लग्नाचा संसार वर्षानुवर्षे दोन खंडांत विभागून राहतो. पहिले लग्न मोडल्याचे दुःख कमी होते म्हणून की काय, दुसरे टिकविण्याचीही पंचाईत होऊन बसते!

गोमंतकात या प्रश्नाला एक वेगळा पदर आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर १९६२च्या प्रशासन कायद्याने पूर्वीचे कायदे चालू ठेवले आणि त्यामुळे पोर्तुगीज राजवटीतील विवाहविषयक व घटस्फोटविषयक १९१०चे कायदे येथे आजही लागू आहेत. १९५५चा हिंदू विवाह कायदा येथे आलाच नाही. आमच्याकडे विवाह कायदेशीर ठरतो तो सप्तपदीने नव्हे, तर निबंधकाच्या कार्यालयातील नोंदणीने. पहिली सही, काही दिवसांच्या अंतराने दुसरी सही, आणि लग्न झाले. देवळातील किंवा मंडपातील सोहळा पुष्कळदा त्यानंतर काही महिन्यांनी होतो. या मधल्या काळात कधी कधी बोलणी फिसकटतात, मने बदलतात आणि सोहळा होतच नाही. घरचे म्हणतात, ‘लग्न कुठे झाले? नुसत्या सह्याच तर झाल्या होत्या!’ मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र पडले नाही, एक दिवसही ती सासरी नांदली नाही. परंतु दुसरी सही झाली असेल तर निबंधकाच्या वहीत ती विवाहिता असते. पुढे तिचे लग्न दुसरीकडे ठरते, व्हिसाच्या अर्जात ती निष्पापपणे ‘अविवाहित’ असे लिहिते आणि एका सहीपायी अडकते. अशा प्रत्येक घराला आमचे सांगणे आहे की, सोहळा झाला नाही म्हणून लग्न झाले नाही असे समजू नका. आधी न्यायालयातून ते लग्न रीतसर संपवा किंवा रद्द करून घ्या, मगच पुढची सही करा.

निवाडा मिळाला म्हणजे काम संपले, असेही नाही. ज्या निबंधकाकडे लग्नाची नोंद आहे तेथील मूळ नोंदीच्या समासात घटस्फोटाचा शेरा पडला पाहिजे. तो पडला नसेल तर विवाहनोंदीच्या दाखल्यावर जुने लग्न जसेच्या तसे उभे दिसते. निवाडा परदेशी न्यायालयाचा असेल तर गुंता आणखी वाढतो. १९३९च्या पोर्तुगीज दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार परदेशी निवाडा उच्च न्यायालयाने तपासून कायम केल्यावाचून येथील वहीत त्याचा शेरा मारता येत नाही. ‘तिकडच्या कोर्टाने घटस्फोट दिलाय, इकडे काय करायचे?’ असे म्हणून स्वस्थ बसलेले अनेक जण दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीसाठी गेल्यावर जागे होतात.

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांना तर दोन वह्या सांभाळाव्या लागतात. ज्यांनी आपला जन्म व विवाह लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदविला, त्यांचा गोव्यात झालेला घटस्फोट तेथे आपोआप पोहोचत नाही. तेथील अपील न्यायालयाकडून तो मान्य करून घ्यावा लागतो. तोवर लिस्बनच्या वहीत पहिलीच पत्नी किंवा पहिलाच पती जोडीदार म्हणून कायम राहतो आणि दुसऱ्या लग्नाची नोंद होत नाही. पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युरोपीय नागरिकांच्या जोडीदारांसाठी असलेली सुलभ सोय ३१ डिसेंबर २०२० नंतर जुळलेल्या नव्या संबंधांना मिळत नाही. त्यांना जोडीदाराच्या सर्वसाधारण व्हिसाच्या मार्गानेच जावे लागते, आणि त्यासाठी लागणारी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एप्रिल २०२४मध्ये १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेण्यात आली. कॅनडाचाही एक नियम पुनर्विवाह करणाऱ्यांनी जाणून घ्यावा : जी व्यक्ती स्वतः जोडीदाराच्या आधाराने तेथे गेली तिला कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यापासून पाच वर्षे नवा जोडीदार बोलावता येत नाही, आणि ज्याने पूर्वी जोडीदार बोलावला त्याच्यावर, लग्न मोडले तरी, तीन वर्षे त्या जोडीदाराच्या पालनाची जबाबदारी राहते.

शेजारच्या बेळगाव, कारवार किंवा सिंधुदुर्गातील आमच्या वाचकांना हिंदू विवाह कायदा लागू आहे. त्याच्या १५व्या कलमाप्रमाणे घटस्फोटाविरुद्ध अपिलाची मुदत उलटल्यावरच पुन्हा लग्न करता येते. शिवाय काही जातींत पंचांसमक्ष काडीमोड घेण्याची चाल आहे आणि कायद्याने ती रूढी नाकारलेली नाही. पण तशी रूढी आहे हे सिद्ध करावे लागते. मुद्रांकाच्या कागदावर दोघांच्या सह्या आणि पाच साक्षीदारांचे अंगठे एवढ्यावर परक्या देशाचा अधिकारी समाधान पावेल, अशी आशा धरू नये. न्यायालयाकडून रूढीची व काडीमोडाची घोषणा करून घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

येथवर आम्ही अर्जदाराच्या बाजूने लिहिले. पण हा प्रश्न दुसऱ्या एका व्यक्तीच्या बाजूनेही पाहिला पाहिजे, आणि ती म्हणजे मागे राहिलेली पहिली पत्नी. परदेशी गेलेला नवरा तेथील न्यायालयातून एकतर्फी घटस्फोट मिळवितो, इकडे सासरी राबणाऱ्या बायकोला त्याचा पत्ताही नसतो, आणि वर्षभराने तो नवी नवरी शोधण्यास गावी येतो, असे प्रकार घडले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी या खटल्यात हिंदू विवाह कायद्याखालील अशा एकतर्फी परदेशी निवाड्याला मान्यता नाकारली ती याच अन्यायाकडे पाहून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८२व्या कलमात पहिले लग्न कायम असताना दुसरे करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत, आणि ते पहिले लग्न नव्या जोडीदारापासून लपविणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. लपविणे हा कायद्याच्या दृष्टीने अधिक मोठा अपराध आहे, हे यावरून दिसून येईल. ज्या प्रश्नाची आपल्याला धास्ती वाटते, तोच प्रश्न आपल्याच एखाद्या लेकीबहिणीचे रक्षण करणारा असतो.

पहिल्या लग्नाच्या मुलांचाही विचार व्हावयास हवा. मूल आईबरोबर जाणार असेल तर ताब्याचा आदेश आणि दुसऱ्या पालकाची संमती लागते. जाणार नसले तरी अर्जात त्याचे नाव लिहिलेच पाहिजे. कॅनडासारख्या देशात न कळविलेल्या मुलाला पुढे बोलावून घेणे अत्यंत अवघड होऊन बसते. नव्या संसाराच्या हौसेपायी आजोळी ठेवलेले लेकरू कागदावरूनच पुसले जाणे, याहून मोठी निष्ठुरता कोणती?

कोकणच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण त्यांनी ते लग्न चोरून केले नव्हते, लपविले नव्हते. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. बहिष्कार गेले, कायदे आले, आणि तरीही ‘हिचे हे दुसरे’ हे वाक्य आपण अजून आवाज खाली करून बोलतो! मुलीचे पहिले लग्न मोडले हे स्थळ पाहताना सांगावयाचे नाही, नोंदणीत सांगावयाचे नाही, व्हिसाच्या अर्जात सांगावयाचे नाही. मग त्या मुलीने आयुष्यातील ती वर्षे कोठे नेऊन ठेवावयाची?

सरकारलाही या बाबतीत कर्तव्य आहे. घटस्फोटाचा निवाडा होताच तो न्यायालयाकडून थेट निबंधकाकडे जावा आणि ठराविक दिवसांत समासातील शेरा पडावा. पक्षकाराला हेलपाटे घालावे लागू नयेत. जुन्या पोर्तुगीज नोंदींची अधिकृत भाषांतरे माफक शुल्कात मिळावीत. अनिवासी गोमंतकीयांसाठी असलेल्या सरकारी कार्यालयाने पुनर्विवाहितांना लागणाऱ्या कागदपत्रांची मराठी व कोंकणीतील माहितीपत्रके प्रत्येक निबंधकाच्या कार्यालयात ठेवावीत. दलालांचे फावते ते लोकांच्या अज्ञानावर.

परंतु सरकारने सर्व काही केले तरी अर्जातील त्या चौकटीत लेखणी टेकविणारा हात अर्जदाराचाच असणार आहे. तो थरथरू नये, यासाठी घरच्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. पहिले लग्न मोडणे हा अपराध नव्हे आणि जोडीदाराच्या मृत्यूनंतर पुन्हा संसार मांडणे हाही अपराध नव्हे. ते लग्न झाले होते, ते अमुक तारखेला संपले, हा त्याचा पुरावा, असे स्वच्छ अक्षरांत लिहावे आणि खाली निःशंकपणे सही करावी. नव्या संसाराचा पहिला कागद तरी खरा असावा.