घोडबंदर : रस्ता उरला, नगर गेले

‘मीरा-भाईंदरला कसला आलाय इतिहास? मिठागरे होती, मग बिल्डर आले!’ हे वाक्य आपणही ऐकले असेल. ते साफ खोटे आहे.

१६७५ साली साष्टीत फिरणाऱ्या डॉ. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने खाडीकाठी एक मोठे, नेटके नगर पाहिले. माथ्यावर मार्टिन अल्फोन्सो या पोर्तुगीज जमीनदाराचा वाडा, गढी आणि चर्च. गोव्याच्या अलीकडे याच्याइतका धनाढ्य कोणी नाही, अशी नोंद त्याने केली. त्याने लिहिलेले ‘ग्रेबोंडेल’ म्हणजे आपले घोडबंदर!

१७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी येथील किल्ला घेतला. नगराच्या ऱ्हासाचे खापर काहीजण त्या लढाईवर फोडतात. मला ते मान्य नाही. धनी बदलला म्हणून खाडी आटत नाही, आणि बंदराचे पोट खाडीवर असते. खरा घाव १८६४ च्या लोहमार्गाचा. रूळ भाईंदरवरून गेले. माल, माणसे आणि पुढची वस्ती स्थानकाभोवती गोळा झाली.

आता हे नाव ऐकू येते ते वाहतूक कोंडीच्या बातम्यांत. १९८५ च्या नगरपरिषदेपासून शहराचा इतिहास मोजणाऱ्यांनी एकदा त्या किल्ल्याच्या टेकडीवर चढून खाली खाडीकडे पाहावे.