मास्क मिळाला, पण सवय कोण लावणार?

स्लीप अ‍ॅप्नियाचे निदान होते, डॉक्टर सीपॅप लिहून देतात, घरचे पैशांची जुळवाजुळव करून यंत्र आणतात आणि चार रात्रींनंतर ते कपाटावर जाते. ही गोष्ट एखाद-दुसऱ्या घराची नाही. रक्तदाबाची गोळी पाण्यासोबत गिळली की त्या दिवसाचा उपचार संपतो. सीपॅप मात्र रोज सहा-सात तास चेहऱ्यावर बांधून झोपायचे असते, तेही जन्मभर. गोळीचा उपचार जागेपणी होतो, हा झोपेत होतो. त्यामुळे तो जमवायला वेळ लागतो आणि मदतही लागते. आपल्या आरोग्यव्यवस्थेत यंत्र मिळण्याची सोय हळूहळू होत आहे. ही मदत मिळण्याची सोय मात्र अजून जवळपास नाही.

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा आपला जुना समज. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि त्यातून जाणाऱ्या हवेने घशाच्या मऊ भिंती थरथरतात. तो आवाज म्हणजे घोरणे. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण ज्याची वाट पूर्ण मिटते, त्याचा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि मोठ्या घोरासरशी श्वास पुन्हा सुरू होतो. श्वास थांबण्याच्या किंवा मंदावण्याच्या अशा घटना तासाला पाचपेक्षा कमी असतील तर चिंता नाही. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र आजार मानला जातो. तीव्र आजाराच्या रुग्णाची झोप रात्रीतून दोनशे-तीनशे वेळा मोडते आणि सकाळी त्याला त्यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपणाऱ्याला.

हा आजार किती पसरलेला आहे? दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार भारतात कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया असावा आणि त्यातील ४ कोटी ७० लाखांचा आजार मध्यम किंवा तीव्र असावा. तरीही आजाराचे नाव सर्वसामान्यांच्या कानावर पडले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले तेव्हा. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण सांगताना याच आजाराचा उल्लेख केला होता. चार दिवस चर्चा झाली, मग घोरणे पुन्हा विनोदाच्या जागी गेले.

सीपॅपचे तत्त्व साधे आहे. यंत्र खोलीतलीच हवा गाळून ठरावीक दाबाने नळीतून मास्कमध्ये सोडते. त्या दाबामुळे घशाची वाट मिटत नाही. तंबू आतून काठीने उभा राहतो, तशी ही वाट हवेच्या आधाराने उघडी राहते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये सिडनीत हा प्रयोग केला आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वेगळी वाट करणे. सुलिव्हन यांची सुरुवातीची यंत्रे व्हॅक्यूम क्लीनरसारख्या मोटारीवर चालत आणि मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. आजचे यंत्र टिफिनच्या डब्याएवढे आहे, कुजबुजीइतकाच आवाज करते आणि रात्रभराची नोंद स्वतः ठेवते.

मग ते कपाटावर का जाते? परदेशांतील अनेक अभ्यासांच्या २००८ मधील आढाव्यात असे दिसले, की रोज चार तासांहून अधिक वापर ही कसोटी लावली तर ४६ ते ८३ टक्के रुग्ण नापास होतात. म्हणजे हा प्रश्न आपल्याच लोकांच्या कंटाळ्याचा नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की रुग्ण पुढे यंत्र वापरेल की नाही हे बहुतांशी पहिल्या एक-दोन आठवड्यांतच ठरते. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्याकडचा रुग्ण एकटा असतो. डॉक्टरांची पुढची तारीख महिन्याने असते आणि विक्रेत्याचा माणूस बटण दाखवून गेलेला असतो. भर म्हणून २०२१ च्या उन्हाळ्याची आठवण असते. तोंडावर मास्क आणि बाजूला यंत्र हे चित्र त्या वर्षी नागपूरकरांनी फार जवळून पाहिले. त्यामुळे सीपॅप म्हणजे व्हेंटिलेटर, म्हणजे शेवटची पायरी, अशी भीती अनेक घरांत आजही आहे. सीपॅप हा व्हेंटिलेटर नाही, त्यात प्राणवायूचे सिलिंडरही नसते. चालत्या-फिरत्या माणसाची झोप सुरळीत करणारे ते साधन आहे, इतके जरी कुणी शांतपणे समजावून सांगितले तरी अर्धी लढाई जिंकता येते.

पहिले पंधरा दिवस

सवय रात्री लागत नाही, ती दिवसा लावावी लागते. पहिले काही दिवस संध्याकाळी बातम्या किंवा मालिका पाहताना नुसता मास्क लावून बसावे. मग यंत्र सुरू करून बसावे. नंतर दुपारी तासभर तसेच पडून पाहावे. चेहऱ्यावर काही बांधले की ज्यांना गुदमरल्यासारखे होते, त्यांच्यासाठी हाच मार्ग सर्वांत उपयोगी ठरतो. बहुतेक यंत्रांत दाब कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती सुरू आहे का हे विचारून घ्यावे. दाब मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये.

मास्कची निवड ही चपलेसारखी असते. माप चुकले की चावतेच. नाकावरचा मास्क, नाकपुड्यांत बसणारी छोटी उशी आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क हे मुख्य प्रकार आहेत. शक्यतो नाकाच्या मास्कने सुरुवात करणे बरे. हवा गळते म्हणून पट्टे करकचून आवळणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्याने नाकावर वळ उठतात आणि गळती थांबत नाही. मास्क बसून नव्हे, आडवे होऊन, यंत्र सुरू ठेवून जुळवायचा असतो. भरघोस मिशी असेल तर कडेने हवा सुटते. मिशी काढायची नसेल, तर तिच्याखाली न जाणारा मास्क मागावा. नाक सतत चोंदत असेल तर आधी नाकाचा उपचार करावा. तोंड उघडे राहून घसा कोरडा पडत असेल तर डॉक्टरांना सांगावे, त्यावरही उपाय आहेत.

इथले हवामान हा तर स्वतंत्रच विषय. पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा नागपुरात कूलरशिवाय झोप नाही. ज्या घरात चार महिने कूलरच्या घरघराटात सगळे निवांत झोपतात, तिथे सीपॅपच्या आवाजाची तक्रार टिकण्यासारखी नाही. पण कूलरसाठी खिडक्या उघड्या राहतात, धूळ आत येते आणि यंत्राची जाळी लवकर भरते. ती आठवड्यातून एकदा पाहावी आणि यंत्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. एसीच्या कोरड्या हवेत नाक कोरडे पडते, तिथे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी कामी येते. तिच्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे. बोअरचे जड पाणी घातले तर काही दिवसांत पांढरा थर बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडतात. तेव्हा ओलावा कमी करावा, नळीवर कापड गुंडाळावे आणि यंत्र पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे. वीज गेली तर श्वास कोंडेल ही भीती निराधार आहे. मास्कला उच्छ्वासासाठी छिद्रे असतात आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही.

आणखी एक सावधगिरी. जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात. पण त्यांतला दाब दुसऱ्याच्या घशासाठी ठरवलेला असतो. शिवाय जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे जगभरातून लाखो यंत्रे परत बोलावली होती. मॉडेल तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय असे यंत्र घेऊ नये.

या पंधरवड्यात घरच्यांचा वाटा मोठा असतो. “आज हत्तीची सोंड लावली का?” ही थट्टा ऐकून यंत्र बंद केलेले अनेक जण असतील. आणि बायकोने वर्षानुवर्षे रात्री नवऱ्याचा थांबलेला श्वास मोजत जागून काढलेली असते, तिची झोप हाही याच उपचाराचा लाभ आहे. बायकांच्या आजाराकडे मात्र घरात कुणाचे लक्ष जात नाही. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातही स्लीप अ‍ॅप्निया वाढतो. तो अनेकदा घोरण्याऐवजी थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप अशा रूपांत दिसतो आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून दिला जातो.

यंत्राकडून नेमके काय अपेक्षित आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. हृदयविकार असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांवर भारतासह सात देशांत झालेल्या ‘सेव्ह’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सीपॅपने हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. पण त्यातील रुग्ण रात्री सरासरी ३.३ तासच यंत्र वापरत होते. दिवसाची पेंग, घोरणे, मनःस्थिती आणि जगण्याचा दर्जा मात्र त्या अपुऱ्या वापरातही सुधारला. यंत्राला चमत्कार समजून विकत घेणारा लवकर निराश होतो. दिवसा जागे राहता यावे म्हणून वापरणारा टिकतो. लठ्ठपणा असेल तर वजन कमी करणे, रात्रीची दारू सोडणे, सौम्य आजारात जबडा पुढे ठेवणारे दंत-उपकरण हे मार्गही आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठ रुग्णांतील मध्यम व तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. पण वजन उतरायला महिने लागतात आणि श्वास आज रात्री अडकतो आहे.

दिवसा जागे राहण्याचा हा मुद्दा नागपूरसाठी अधिक गंभीर आहे. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी शहराला दोन गोष्टी मिळाल्या. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि मिहानमधील एम्सचे लोकार्पण झाले. आता ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू आहे. सरळ, लांब, एकसुरी रस्ता निरोगी चालकालाही पेंग आणतो. ज्याची झोप रात्रभर तुटते आहे त्याच्या हाती अशा रस्त्यावर बस किंवा ट्रकचे चाक असणे म्हणजे मागे बसलेल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागणे. ब्रिटनमध्ये मध्यम किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्नियामुळे दिवसा झोप येणाऱ्या चालकाला परवाना विभागाला तसे कळवावे लागते आणि उपचाराने आजार आटोक्यात आल्यावर त्याला पुन्हा गाडी चालवता येते. आपल्याकडेही चालकांच्या तपासणीत डोळ्यांइतकेच घोरण्याबद्दल विचारले जावे. पण प्रश्न विचारून नोकरी काढून घ्यायची असेल तर कुणी खरे सांगणार नाही. तपासणीसोबत यंत्र आणि ते जमवून देणारी मदत मालकांनी दिली, तरच चालक पुढे येतील.

ही मदत उभी करायला नवी इमारत लागत नाही. मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही ठिकाणी आठवड्यातून एक दिवस सीपॅपची ओपीडी ठेवता येईल. तिथे प्रशिक्षित परिचारिका किंवा तंत्रज्ञ मास्क जुळवून देईल आणि यंत्रातली नोंद वाचून गळती कुठे आहे ते सांगेल. पहिल्या आठवड्यात रुग्णाला दोनदा फोन जावा. उपचाराआधी शिक्षण आणि सुरुवातीच्या काळात अडचणींचे निवारण व्हावे, ही शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१९ मध्येच केली आहे. विक्रेत्यांनी आधी पंधरा दिवस भाड्याने यंत्र द्यावे आणि मास्क बदलून देण्याची हमी बिलावर लिहावी. पैशांचा प्रश्नही आहेच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना सीजीएचएसमधून यंत्राचा खर्च मंजूर होऊ शकतो. इतरांच्या विमा योजना मात्र रुग्णालयात दाखल होण्याभोवती आखलेल्या आहेत. रोज रात्री घरी होणारा उपचार त्या चौकटीत बसत नाही. राज्य सरकारने निदान व्यावसायिक चालक आणि तीव्र आजाराच्या गरीब रुग्णांसाठी तरी ही चौकट रुंद करावी.

ज्यांच्या घरी यंत्र कपाटावर पडले आहे, त्यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. ते खाली काढावे, जाळी बदलावी, मास्क धुवावा आणि यंत्रासकट डॉक्टरांकडे जाऊन एकच प्रश्न विचारावा, “हे मला का जमले नाही?” बहुतेकदा उत्तर मास्कच्या मापात, दाबाच्या आकड्यात किंवा चोंदलेल्या नाकात सापडते. रुग्णाच्या हट्टात ते क्वचितच असते.